जड माणूस शेवटी

“जिसके पास टेंट, वो सबसे आखिर में,” पलजोर म्हणाला. मग प्रत्येकाच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत त्यानं विचारलं, “समझ गए सब?”

सगळ्यांना समजलं. मला जरा जास्तच समजलं, कारण तंबू माझ्या सॅकमधे होता.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि लाहौलमधल्या एका खिंडीच्या माथ्यावर आम्ही सहा जण पाय आपटत उभे होतो. पाच जण सातारचे, सहावा पलजोर. तो खिंडीपलीकडच्या गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा वाटाड्या. आमच्या क्लबची ही हिमालयातली पहिलीच मोहीम होती. सह्याद्रीतले निम्मे कडे आपण पालथे घातलेत याची आम्हाला भारी घमेंड, आणि ती सातारहून निघताना चांगली फुगवून बरोबर घेतली होती. खिंडीत आल्या आल्या वादळानं गाठलं आणि दोन दिवस, दोन रात्री बर्फ कोसळत राहिला. मे महिन्यात एवढा बर्फ पलजोरनंही पाहिला नव्हता. आमच्या दोन तंबूंपैकी एक पहिल्याच दिवशी वाऱ्यानं फाडून नेला. उरलेल्या एका तंबूत सहा जण मुटकुळं करून पडून राहिलो, तेव्हा घमेंडही फाटक्या तंबूच्या मागोमाग गेली.

तिसऱ्या पहाटे आभाळ निवळलं. समोर उतरायची वाट होती. वाट म्हणजे काय, बर्फाचा एक रुंद पाखा, कौलारू घराच्या छपराएवढा तिरका, वर कड्याला टेकलेला आणि खाली थेट घळीत गेलेला. तो आडवा ओलांडला की पलीकडं खडकाची एक उघडी धार होती. त्या धारेवर पोचलेला माणूस वाचला. धारेखाली दोन तासांवर मेंढपाळांची दगडी खोपटं होती आणि तिथं चूल होती, छप्पर होतं.

पलजोरनं आम्हाला काठीनं बर्फ उकरून दाखवला. खाली हिवाळ्यातला जुना, काचेसारखा टणक थर. त्याच्यावर दोन दिवसांत पडलेला अडीच फूट नवा. दोघांचं अजून जमलेलं नाही, असं तो म्हणाला. रात्रीच्या थंडीनं नवा थर धरून ठेवलाय. सात वाजता ऊन त्या कड्यावर येईल आणि मग तो सोडून देईल. तेव्हा एका वेळी एकानंच जायचं, मधे थांबायचं नाही. सगळे पार होण्याआधी ऊन आलं, तर मागं राहिलेल्यानं पाऊल टाकायचं नाही. पाठीमागच्या सपाटीवर तंबू लावायचा, आजचा दिवस आणि रात्र काढायची आणि उद्या पहाटे गोठलेल्या बर्फावरून यायचं. म्हणून तंबू शेवटच्या माणसाकडं.

“म्हणजे प्रभाकर शेवटी,” बापू म्हणाले. बापू निकम आमचे म्होरके, हायस्कूलात व्यायाम शिकवायचे आणि आमच्यावरही वर्ग असल्यासारखं ओरडायचे. “आणि त्याच्या आधी गोदाम. चला.”

गोदाम म्हणजे अरविंद तोडकर. हे नाव मीच ठेवलं होतं. मंगळवार पेठेत त्याच्या वडलांची पिठाची गिरणी होती आणि अरविंद तिथं दिवसभर पोती उचलायचा. वजन शंभराच्या वर, आवाज खर्जातला, स्वभाव असा की कुणीही काहीही बोलावं आणि त्यानं हसून घ्यावं. मी तर रोजच बोलायचो. तो बसला की “जमीन सांभाळ,” तो जेवायला लागला की “पुढच्या गावाला निरोप धाडा.” मी हडकुळा आणि ग्रंथालयातला कारकून, त्यामुळं माझ्या अंगात जे नव्हतं ते जिभेवर होतं. वादळात तो आपणहून उरलेल्या तंबूच्या उसवलेल्या कडेला झोपला होता. “मी हाय की वारा अडवायला,” म्हणाला. त्याची झोपायची पिशवी भिजून चिंब झाली आणि आम्ही पाच जण बऱ्यापैकी कोरडे राहिलो. त्यावरही मी विनोद केला होता. कुठला ते आता आठवत नाही, पण सगळे हसले होते.

आमच्या क्लबचा एक नियम होता, जड माणूस शेवटी. डोंगरातल्या लाकडी शिड्या, कुजके ओंडके, घळीवर टाकलेल्या फळ्या, कुठंही हलके आधी जायचे आणि जड मागून. पूर्वी एकदा एका शिडीवर मधेच जाड माणूस चढला, शिडी मोडली आणि वर जायचे चार जण खाली अडकून राहिले. तेव्हापासून बापूंनी तो नियम करून टाकला. शिडीसाठी तो शहाणपणाचाच होता. दहा वर्षांत प्रत्येक अवघड जागी अरविंद निमूटपणे बाजूला व्हायचा आणि आम्हाला पुढं सोडायचा. त्याला त्यात काही वाटत नसे, निदान आम्हाला तसं वाटायचं.

पलजोर पहिला निघाला. मांडीएवढ्या बर्फातून काठी खुपसत, पायानं पायरी करत त्याला अर्धा तास लागला. धारेवर पोचून त्यानं शिट्टी मारली. मग बापू. मग उज्ज्वला पेंढारकर, तिच्यामागून तिचा नवरा श्रीरंग. त्या दोघांचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. श्रीरंग मधे असताना पलीकडं उभी राहून ती तोंडावर हात दाबून बघत होती. तो पोचला आणि तिनं त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली.

अलीकडं आम्ही दोघं उरलो. सहा पंचेचाळीस झाले होते. समोरच्या शिखरांच्या टोकांवर ऊन पडलं होतं आणि ते खाली सरकताना डोळ्यांना दिसत होतं. आता अरविंद जाणार, मग मी. तो पोचेपर्यंत सात वाजणार. मग मी इथं एकटा राहणार, एक दिवस आणि एक रात्र, आणि उद्या पहाटे या पाख्यावर एकटा चालणार, मागं कुणी नसताना.

मी भ्यालो होतो.

पलीकडून शिट्टी झाली. अरविंदनं सॅक खांद्यावर नीट केली.

“गोदाम,” मी म्हणालो, “आपला नियम काय आहे?”

“कसला?”

“जड माणूस शेवटी.”

तो हसला. “ते शिडीवर रं. हितं पलजोर म्हणला न्हवं, तंबूवाला शेवटी म्हणून.”

“पलजोरला आपला नियम काय माहीत? तुझ्या वजनानं हे सुटलं, तर तू गेलास आणि माझी वाटही गेली. मी गेलो तर मागं काही बिघडत नाही.”

“बापू तर म्हणलं, पभ्या शेवटी.”

“बापूंचाच नियम आहे ना? घाईत विसरले ते.”

अरविंद माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या मिशीवर बर्फ जमला होता. तो हळू आवाजात म्हणाला, “भ्यालास व्हय?”

“भ्यायचं काय त्यात?” मी खेकसलो. “नियम म्हणजे नियम. दहा वर्षं पाळलास, आजच अक्कल सुचली?”

“बरं बरं. चिडू नगंस.” त्यानं हात पुढं केला. “मग तंबू दे हिकडं.”

तंबू सॅकच्या तळाला होता. ओला असताना कोंबलेला, आता कापड आणि सॅक एकमेकांना गोठून चिकटले होते. वर माझे कपडे, भांडी, दोर. सगळी सॅक उपसायला लागली असती. दहा मिनिटं तरी गेली असती आणि त्या दहा मिनिटांत ऊन आलं असतं. मग आम्ही दोघंही अलीकडं राहिलो असतो. हे गणित मी एका क्षणात केलं. एरवी मला गणित जमत नाही.

“कशाला पाहिजे तंबू?” मी म्हणालो. “मी पाच मिनिटांत पोचतो. शिट्टी झाली की लगेच तू नीघ. सात वाजायच्या आत दोघं पार.”

त्यानं शिखरांवरच्या उन्हाकडं बघितलं, मग पाख्याकडं, मग परत माझ्याकडं. त्याला कळत होतं. मला आज खात्री आहे की त्याला सगळं कळत होतं.

“जा की मग,” तो म्हणाला. “मी हाय हितं.” आणि माझ्या सॅकचा लोंबणारा पट्टा त्यानं मागून ओढून घट्ट केला.

मी निघालो. पाच मिनिटं म्हणालो होतो. निम्म्यावर आल्यावर पायाखालचा बर्फ एकदम धप्प करून बसला. आवाज मोठा नव्हता, पण तो माझ्या पायाखालून निघून वर कड्यापर्यंत गेला. आणि माझ्या डोक्यावर, तीस-चाळीस हातांवर, बर्फात एक बारीक काळी रेघ उमटली.

मी तिथंच थिजलो. मधे थांबायचं नाही असं पलजोरनं बजावलं होतं, पण पाय ऐकेनात. पलीकडून बापू ओरडत होते, पलजोर शिट्ट्या मारत होता, आणि त्यातलं काहीही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. श्रीरंगनं नंतर सांगितलं की बारा मिनिटं.

मग मागून अरविंदचा आवाज आला. ओरडत नव्हता. गिरणीच्या खडखडाटातही ऐकू जायचा तो खर्ज त्यानं माझ्यापर्यंत पोचवला.

“पभ्या, खाली बगू नगंस. म्होरं उज्ज्वलावैनीची लाल टोपी दिसतीया का? तिच्याकडं बग. आता उजवा पाय. आस्सं. आता डावा. लई झ्याक. उजवा…”

त्यानं मला एकेक पाऊल मोजून पलीकडं नेलं. शेवटच्या पावलाला पलजोरनं माझी कॉलर धरून मला खडकावर ओढलं, तेव्हा ऊन कड्यावर आलेलं होतं. वरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे सुटून पाख्यावरून घरंगळत होते. काळी रेघ आता बोटभर रुंद झाली होती.

“तुम क्यों आए?” पलजोरनं विचारलं. “टेंट तो तुम्हारे पास था.”

“जड माणूस शेवटी,” मी बापूंकडं बघत म्हणालो. धाप लागली होती.

बापूंनी मान डोलावली. “बरोबर आहे त्याचं. मीच विसरलो. हा पाखा गोदामच्या वजनानं गेला असता तर?” आणि पलजोरला त्यांनी मोडक्या हिंदीत तो नियम समजावून सांगितला. पलजोरनं ऐकून घेतलं. मग त्यानं अरविंदच्या दिशेनं दोन्ही हात डोक्यावर उंच करून एकमेकांवर ओलांडले. थांब. येऊ नको.

अरविंद दोनेकशे मीटरवर उभा होता. त्यानंही हात वर केला. कळलं.

“टेंट उसको दिया?” पलजोर मला म्हणाला.

मी तेव्हा खरं बोललो असतो, तर काय झालं असतं? पलजोरनं काहीतरी केलं असतं. कदाचित ऊन पूर्ण उतरायच्या आत तो स्वतः दोर घेऊन परत गेला असता. अरविंदला त्याच क्षणी ये म्हणाला असता. मला शिव्या बसल्या असत्या, उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं असतं, आणि साताऱ्यात माझं नाव झालं असतं. मला त्या क्षणी उज्ज्वलाचं बघणंच जास्त वाईट वाटलं. माणूस किती फालतू गोष्टीसाठी केवढं मोठं काम करून बसतो.

“दिला,” मी म्हणालो.

स्टो त्याच्याकडं होता, रॉकेल त्याच्याकडं होतं, खाणं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तंबू असला की माणूस एक रात्र आरामात काढतो.

एवढ्यात अरविंदनं खुणा करायला सुरुवात केली. दोन्ही तळहात डोक्यावर एकमेकांना टेकवून छपरासारखे धरले, मग हात खाली सोडून हलवले. परत छप्पर, परत हात हलवले. ओरडतही होता, पण घळीतून वारा सुटला होता आणि शब्द पोचत नव्हते.

“काय म्हणतोय?” बापूंनी विचारलं.

तो म्हणत होता, तंबू नाही. माझ्याकडं तंबू नाही. लहान पोरालाही कळलं असतं, पण त्यासाठी तंबू त्याच्याकडं नसू शकतो हे माहीत असायला पाहिजे होतं. ते मला एकट्याला माहीत होतं.

“तंबू लावतो म्हणतोय,” मी म्हणालो.

“हां, हां!” बापूंनी दोन्ही हात उंचावून जोरात मान हलवली. “लाव! लाव बाबा!” श्रीरंगनं अंगठा दाखवला. उज्ज्वलानं हात हलवला. मीही हलवला.

अरविंदचे हात डोक्यावर होते ते तसेच राहिले. आम्ही सगळे त्याला बरं आहे, बरं आहे असं सांगत होतो. त्यानं काय समजून घेतलं असेल? की यांना कळलंय माझ्याकडं तंबू नाही, आणि हे म्हणतायत हरकत नाही. थोड्या वेळानं त्यानं हात खाली घेतले, वळला आणि खडकाआड दिसेनासा झाला.

“त्याला तंबू कशाला?” मी म्हणालो. “एवढी चरबी आहे अंगावर. तोच आपला एक चालता तंबू.”

श्रीरंग हसला. बापूही जरासे हसले.

बापू तिथून हलायला तयार नव्हते. माणूस पलीकडं अडकलेला असेपर्यंत खाली जायचं नाही म्हणाले. म्हणून आम्ही धारेवरच, खडकांच्या आडोशाला बसलो. चुरमुरे आणि गूळ खाल्ला. नऊ वाजता पलजोर म्हणाला, तंबू दिसत नाही. मी म्हणालो, मागच्या सपाटीवर लावला असेल, वाऱ्याच्या आडोशाला. हे तिसरं खोटं. पहिल्याला जेवढं धाडस लागलं तेवढं तिसऱ्याला लागलं नाही.

आभाळ परत भरून येऊ नये एवढंच मी मनात घोकत होतो. ऊन राहिलं तर तो खडकाला टेकून बसेल. ओल्या पिशवीतही रात्र निघेल. उद्या पहाटे येईल, आणि तंबू दिला नाही हे तो कुणाला सांगणार नाही, कारण तो अरविंद आहे. उद्या मी त्याची माफी मागेन. गुपचूप, दोघंच असताना. हे सगळं मी ठरवून टाकलं होतं.

साडेदहाला ढग आले. अकराला गारा सुरू झाल्या आणि खिंडीतून असा वारा वाहायला लागला की आम्हाला आडोशालाही बसवेना. एवढ्या वाऱ्यात उघड्यावर, ओल्या कपड्यांत, ओल्या पिशवीत माणूस किती वेळ बसेल? बापू म्हणाले, “तंबूत गरम असेल लेकाचा, चहा पीत असेल.” माझी सॅक मी पाठीशी घेऊन बसलो होतो आणि तंबूच्या काठ्या मला मणक्यात टोचत होत्या.

बाराच्या सुमाराला पलजोर ताडकन उठला आणि शिट्टी फुंकायला लागला.

अरविंद पाख्यावर होता. वाकून, दोन्ही हात काखेत घालून, आमच्या पायखुणांवरून येत होता. चाल बघूनच कळत होतं की अंग बधिर झालंय. पलजोरनं हात ओलांडले, शिट्ट्या मारल्या, ओरडून ओरडून त्याचा गळा बसला. बापू “माघारी जा, माघारी!” म्हणून किंचाळत होते. अरविंदनं एकदा मान वर करून आमच्याकडं बघितलं. थांबला नाही. थांबून जाणार कुठं होता तो? मागं काय होतं त्याच्यासाठी?

मी जिथं थिजलो होतो, ती जागा ओलांडून आमच्या बाजूला आल्यावर ती रेघ उघडली.

आवाज नंतर आला. आधी अख्खा पाखा एका तुकड्यात सरकला, ताटातून घावन सरकावं तसा, आणि मग त्याचे ढेकळांसारखे तुकडे झाले. अरविंद उभाच होता. काही क्षण तर उभ्यानंच खाली गेला. मग दिसेनासा झाला.

पलजोर त्याआधीच उतरायला लागला होता. मागोमाग आम्ही. घळीच्या तोंडाशी बर्फाचे ढिगारे साचले होते, बैठ्या घराएवढे उंच. पलजोर त्याच्या लांब काठीनं खुपसत सुटला. आम्हाला ओरडून सांगितलं, लांब काहीतरी घ्या, खुपसा, पाच हात खाली जाईल असं काहीतरी. आमच्या हातात चालायच्या आखूड काठ्या होत्या. बापू हातांनी उकरायला लागले, उज्ज्वला ताटलीनं. मी बर्फाच्या छोट्या कुऱ्हाडीनं उकरत होतो आणि रडत होतो.

माझ्या सॅकमधे तंबूच्या काठ्या होत्या. एकात एक बसवल्या की सहा हात लांब.

मला ते आठवत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पहिल्या क्षणापासून आठवत होतं. प्रत्येक वेळी कुऱ्हाड मारताना मी ठरवत होतो की या घावानंतर काढू. काढल्या की कळणार होतं. आणि कदाचित याच घावाला तो सापडेल, मग काढाव्याच लागणार नाहीत.

पंधरा-वीस मिनिटं गेली. बापू उठले आणि वेड्यासारखे एकेक सॅक उघडून पालथी करायला लागले, लांब काही मिळतंय का बघायला. श्रीरंगची केली. मग माझी. आधी कपडे पडले, मग भांडी, मग तंबू.

बापू क्षणभर तंबूकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. त्यांनी काठ्या उपसल्या, जोडल्या आणि एक पलजोरकडं फेकली. पलजोरनं ती झेलली, हातातल्या काठीकडं बघितलं आणि तो लगेच खुपसायला लागला.

त्या काठ्यांनी दहा मिनिटांत सापडला तो. दोन हात खाली होता. फार खोल नव्हता. तोंडापुढं बर्फात श्वासानं वितळून एक वाटीएवढा पोकळ खळगा झाला होता आणि त्याच्या कडा गोठून चकचकीत झाल्या होत्या. म्हणजे तो तिथं बराच वेळ जिवंत होता. पलजोरनं त्याच्या छातीवर दाब दिले, तोंडात हवा फुंकली, अर्धा तास केलं. अंग गरम होतं. मग पलजोर मागं सरून बसला.

“पंद्रह मिनट पहले मिलता साब,” तो बापूंना म्हणाला, “तो बच जाता.”

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. त्यानंतर तो आमच्याबरोबर आणखी चार दिवस होता, ओझी बांधली, खेचरं बघून दिली, अरविंदला अग्नी देताना लाकडं आणली. त्या चार दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दुपारी खोपटात श्रीरंग आणि उज्ज्वला बाहेर लाकडं गोळा करत होते, तेव्हा बापू माझ्यासमोर येऊन बसले.

“त्याला थांबायला सांगितलं होतं का नाही?”

“सांगितलं होतं.”

“तो थांबला का?”

“नाही.”

“मग एवढंच सांगायचं. पोलिसांना, पेपरवाल्यांना, त्याच्या घरी. यात खोटं काही नाही.” त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “तो गेला. तुला घालवून तो येणार नाही. आणि क्लब राहिला पाहिजे. आणि हेही आहे की नियम माझा होता.”

श्रीरंग आणि उज्ज्वलानं तंबू बघितला होता का? मला माहीत नाही. दोघांनी पुढं क्लब सोडला आणि रस्त्यात भेटले की ते पलीकडच्या बाजूनं जातात. आज मी पासष्टचा आहे आणि बापूंच्या नंतर क्लबचा अध्यक्ष झालो. दरवर्षी नवी पोरं येतात. पहिल्या दिवशी त्यांना अरविंद तोडकरची गोष्ट सांगायची पद्धत आहे. म्होरक्याचं न ऐकता पुढं गेलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांना कळावं म्हणून. ती गोष्ट मी सांगतो. चांगली सांगतो म्हणतात.

सातारला परत आल्यावर दहाव्या दिवशी क्लबच्या खोलीत शोकसभा झाली. पन्नासेक माणसं होती. बापू बोलले. अरविंद कसा दिलदार होता, कसा ताकदवान होता, आणि कसा त्या दिवशी, खुणा करून, शिट्ट्या मारून, ओरडून सांगूनही, थांबला नाही. लोकांनी च्यक च्यक केलं.

मग तोडकर काका उठले. गिरणी बंद करून थेट आले होते, भुवयांवर पीठ तसंच होतं. मुलासारखेच धिप्पाड, पण दहा दिवसांत सदरा अंगावर ढगळ झालेला. त्यांना भाषण येत नव्हतं. ते सरळ पुढं चालत आमच्या चार खुर्च्यांपाशी आले.

“लहानपणापासून लई ऐकणारा हुता ओ,” ते म्हणाले. “गिरणीत माझ्या शब्दाच्या म्होरं गेला न्हाई कदी. हितंच कशी अक्कल गेली त्याची, मला कळत न्हाई. तुमी एवढं सांगत हुता. त्याच्यापायी तुमी जीव धोक्यात घातला, हातानं बर्फ उकरला. वैनीच्या बोटांना जखमा झाल्या म्हणं.” त्यांनी उज्ज्वलाकडं बघून हात जोडले. तिनं मान खाली घातली.

मग ते माझ्यासमोर आले. खिंडीत शेवटी त्याच्याबरोबर मीच होतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

“प्रभाकर, तुजा तर जिवाभावाचा दोस्त हुता. घरी आला की तुजंच नाव. पभ्या असं म्हणला, पभ्या तसं म्हणला.” त्यांनी माझ्यापुढंही हात जोडले. “कुणाचं न ऐकता निघाला त्यो. तुज्या डोळ्यांदेखत गेला. लई तरास दिला तुला पोरानं. त्याला माफ कर बाबा.”

बापू फरशीकडं बघत होते.

“केलं, काका,” मी म्हणालो.